हिरवा चुडा आणि पाच चामखिळी

माझ्या उजव्या अंगठ्यावर पहिली चामखीळ आली तेव्हा मी तिच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. मी मूळची करमाडची. लग्न होऊन औरंगाबादेत गुलमंडीजवळ कासाराच्या घरात आले आणि आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, वर्षभरात मला बांगड्या भरायला शिकवलं. समोरच्या बाईचा पंजा आपल्या मुठीत घ्यायचा, अंगठ्याची गाठ हळूच आत दाबायची, तिला माहेरच्या गप्पांत गुंतवायचं आणि तिला कळायच्या आत बांगडी मनगटावर! मला हे लई लवकर जमलं. माझी मिजास तर विचारूच नका. आता एवढ्याशा चामखिळीसाठी कोण थांबतं?

पण ती वाढायला लागली. आत्याबाई म्हणाल्या, "घोड्याचा केस बांध, आपोआप गळून पडंल." मी थेट स्टेशनाजवळच्या टांग्यांच्या अड्ड्यावर. टांगेवाले चाचा हसून म्हणाले, "ले लेव भाभी, पन पिछे से नक्को जाव, लात मारता ये." शेपटीचा केस त्यांनीच काढून दिला. आठ दिवस अंगठा आवळून ठेवला. अंगठा सुजला, चामखीळ जागच्या जागी.

मग मी माझी अक्कल चालवली. आमच्या घरात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. अशा वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे डब्यात कायम पडलेले. त्यातला एक धारदार हिरवा तुकडा घेतला आणि चामखीळ खरवडून काढली. तुकडा निसटून शेजारच्या बोटालाही घासला, रक्त आलं, डोळ्यांत पाणी आलं, पण काय समाधान वाटलं म्हणून सांगू! वाटलं, मुळासकट उपटली. दुसऱ्याच दिवशी संक्रांतीच्या बांगड्यांसाठी माझी धाकटी बहीण करमाडहून आली. मी तिच्या दोन्ही हातांत भरभरून बांगड्या भरल्या. वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं. जाताना म्हणाली, "आक्का, माझा चुडा तूच भरायचा. दुसऱ्या कुणापुढं मी हात करणार नाय."

महिनाभरात एकीच्या पाच झाल्या. अंगठ्यावर दोन, शेजारच्या बोटावर तीन. जिथं जिथं तो काचेचा तुकडा लागला होता, अगदी तिथं तिथं. एके दिवशी एका गिऱ्हाईक बाईनं माझ्या मुठीतून हात असा ओढून घेतला की हातातली बांगडीच वाढवली. "तुमच्या सासूला बोलवा," म्हणाली. त्यात बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला माहेरची थोरली काकू शहरात आली. तिनं माझा हात बघितला आणि भर दुकानात म्हणाली, "ह्या हातानं नवरीला चुडा? काय अवदसा आणायचीय का पोरीवर? मी दुसरी कासारीण बोलावते." मी मागच्या खोलीत जाऊन पदराचा बोळा तोंडात कोंबून रडले. बहिणीचा चुडा माझ्या हातून जाणार, हे मला सहनच होईना.

आमच्याकडं बांगड्या भरायला येणाऱ्या एका शाळामास्तरीण बाईंनी विचारलं, "अहो, मग कातडीच्या डॉक्टरकडं का जात नाही?"

"आं? कातडीला निराळा डॉक्टर असतो?"

"असतो की! औरंगपुऱ्यात आहे. आणि बाई आहेत."

मी त्याच दुपारी निघाले. पत्ता सापडला, जिना सापडला, आणि जिन्यावरची पाटी वाचली: त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग तज्ज्ञ. पहिला शब्द वाचून आनंद झाला, दुसरा वाचून कान तापले आणि तिसऱ्याला पायरीवर ठेवलेला पाय मागं घेतला. समोरच किराणा दुकानात आमचं एक गिऱ्हाईक उभं! मी आपली जणू वाट चुकल्यासारखी पुढं निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पाटीखाली उभी राहिले आणि काकूचं तोंड आठवलं. म्हटलं, गेली इज्जत खड्ड्यात! पदर नाकापर्यंत ओढला आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेले.

वर बघते तर बाकावर पाच बायका, पाचही जणी नाकापर्यंत पदर ओढून! कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मला असं हसू फुटलं की शेजारची बाईसुद्धा खुदकन हसली. कुणाला नायटा, कुणाला घामोळं. उगीच जीव मुठीत धरून बसलो होतो आम्ही.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून माझा अंगठा नि शेजारचं बोट बघितलं आणि पहिलाच प्रश्न, "कशानं खरवडलंस?"

मी चाटच पडले. "तुम्हाला कसं कळलं?"

"एका रेघेत उगवल्यात बघ. तूच पेरल्यास."

मग त्यांनी सांगितलं आणि मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिले. चामखीळ म्हणजे एका विषाणूची करामत. बारीक चीर मिळाली की तो कातडीत शिरतो आणि कातडी वाढत सुटते. मी विचारलं, "आणि तिची मुळं?" त्या म्हणाल्या, "मुळं नसतातच गं. ते काळे ठिपके म्हणजे रक्ताच्या बारीक नळ्या, आत रक्त गोठलेल्या." मला भिंग दिलं. खरंच की! मी स्वतःच्या अंगठ्याकडं जत्रेत आल्यासारखी बघत बसले. अवदसा नाही, कुणाची नजर नाही, पाप तर नाहीच नाही! मला त्यांच्या टेबलाभोवती फुगडी घालावीशी वाटली.

"पण लागट असते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनाच होते असं नाही. कुणाला झाली तर दिसायला दोन-तीन महिनेही लागतात. बरी होईपर्यंत बांगड्या भरू नकोस."

त्यांनी बोट बधिर करायची सुई दिली आणि विजेच्या तापल्या सुईनं एकेक चामखीळ जाळली. केस जळल्यासारखा वास आला. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. खपल्या पडल्या, एक पुन्हा उगवली, मी पुन्हा जिना चढले, ह्या खेपेला पदर न ओढता. वैशाख लागला तेव्हा माझ्या बोटांवर नुसते गुलाबी डाग उरले होते.

करमाडला मांडवात काकूनं सगळ्या बायकांसमोर माझा हात उलटासुलटा करून बघितला, बाजारात वांगं बघतात तसा. मग तोंड वाकडं करून म्हणाली, "बरं, भर." मला काय आनंद झाला! पाटावर बसले, हिरव्या बांगड्यांचा दोऱ्यात ओवलेला तोडा मांडीवर घेतला आणि म्हटलं, "आण गं हात."

बहिणीनं डावा हात दिला. तो भरला. उजवा मात्र मूठ वळून पदराखाली.

"अगं आण की!"

तिनं हात पुढं केला, पण मूठ सोडेना. मी हळूच बोटं उलगडली. अंगठ्याच्या गाठीजवळ मसुराएवढी चामखीळ. त्यावर दोन काळे ठिपके. ती माझ्या कानाशी पुटपुटली, "आक्का, आईला बी सांगितलं नाय. सासरच्यांनी बघितलं तर?"

मला एकदम आठवली ती संक्रांत. आदल्या दिवशी खरवडलेला माझा अंगठा, आणि त्याच अंगठ्यानं मी हिचा हात दाबला होता. काकू मान लांब करून पुढं झुकली होती. मी काही विचार केला नाही. माझा अंगठा त्या चामखिळीवर ठेवला, घट्ट, आणि म्हटलं, "काकू, जरा उजेड सोडा की, नवरीचा हात हाय!" सगळ्या बायका हसल्या, काकू मागं सरली. माझा अंगठा जागचा हलला नाही आणि एकही बांगडी न वाढवता मी पुरा चुडा चढवला. मला परत आली तर येऊ दे, वाट मला ठाऊक होती.

बहिणीनं रिवाजाप्रमाणं मला वाकून नमस्कार केला आणि मी आशीर्वादाची एक बांगडी जादा घातली. डोळे भरून आले होते, पण मी हसत होते.

मांडवपरतणीला ती माहेरी आली तशी तिला शहरात घेऊन गेले. औरंगपुऱ्यात त्या जिन्याशी आलो, तिनं पाटी वाचली आणि तिथंच खिळली. "आक्का, हे काय लिवलंय?"

"वाचत बसू नको, चढ," मी म्हटलं. "तुला हे माझ्या हातानं दिलंय."

मी तिचा उजवा हात धरला आणि आम्ही वर गेलो.