पुढची शीट खाली

ती घटना आजही आठवते, असं मी म्हणणार नाही, कारण ती मला कुणी विसरूच दिलेली नाही. खात्यातला जुना सहकारी भेटला की आधी प्रकृती विचारतो आणि मग हळूच म्हणतो, "काय साहेब, तो दुसरा माणूस सापडला का?" म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतो. नावं मात्र कुणाचीच लिहिणार नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी मूळचा साताऱ्याकडचा. फौजदार म्हणून बुलढाणा जिल्ह्यात बदलून आलो, त्याला जेमतेम चार महिने झाले होते. सीमेवरची लढाई नुकतीच थांबली होती आणि हवाई छत्रीतून हेर उतरतात ही अफवा गावोगाव फिरत होती. त्या चार महिन्यांत लोकांनी ठाण्यात तीन 'हेर' आणून हजर केले. पहिला बहुरूपी निघाला, दुसरा कल्हईवाला, तिसरा आमच्याच सरकारचा जमीन मोजणारा. त्यामुळे खबर आली की आधी पाणी प्यायचं आणि मग उठायचं, अशी मी स्वतःला सवय लावून घेतली होती.

त्या दिवशी धाडजवळच्या एका गावचे पोलीस पाटील धापा टाकत ठाण्यात शिरले.

"साहेब, आमच्या गायरानात इमान उतरलं. एक बाई धरून ठेवली हाये. इमानवाला साहेब तुरीत पळून गेला."

"विमान पडलं की उतरलं?"

"उतरलं ना! बगळा उतरते तसं उतरलं."

हवालदार आणि दोन शिपाई घेऊन निघालो. गायरान म्हणजे मुरमाड माळ, लांबलचक आणि सपाट. एका कडेला विहीर, तिला लागून माणसाच्या डोक्यावर गेलेली तूर. माळाच्या मधोमध एकावर एक अशा दोन पंखांचं कापडी विमान उभं होतं. बसायला दोन उघडे खळगे, एकापुढे एक. अख्खं गाव भोवती जमलेलं. पंखाच्या सावलीत साध्या सुती साडीतली वीस-बावीस वर्षांची मुलगी पाटलीणबाईंच्या शेजारी बसली होती. चेहरा थकलेला होता, पण नजर सरळ.

मी जागेवरच साक्षीदार वेगळे केले. पहिले साक्षीदार शेळ्या राखणारे एक वयस्क चाचा. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, अल्ला गवाह हाये. इमान माह्या डोक्यावरून गेलं, एका अंगाले कलून, पार खालून. पुढची शीट खाली व्हती. मग ते माळावर टेकलं, अन् त्यातून साहेब उतरला. पाटलून, टोपी, डोळ्याले मोठ्ठा चष्मा. थोबाड काळंभोर. उतरला अन् सीधा विहिरीकडं तुरीत गेला. म्या शेळ्या वळवून येतो, तवरोक गायब."

दुसरे साक्षीदार खुद्द पाटील. ते गावाच्या बाजूनं आले तेव्हा विमानाजवळ साहेब नव्हताच, साडी नेसलेली ही बाई उभी होती. म्हणजे साहेब एक आणि बाई एक, दोघं झाले. त्यातला एक फरार. हिशेब सरळ होता आणि मला हिशेब सरळ असलेला आवडतो.

मी मुलीसमोर बसलो. पाटलीणबाईंना मुद्दाम शेजारीच ठेवलं.

"पायलट कुठं गेला?"

"पायलट तुमच्यासमोर बसलाय, साहेब."

भोवतीची गर्दी खदखदून हसली. पाटील म्हणाले, "ऐका! गावात बायकांच्या हाती कोणी बैलाचा कासरा देत न्हाई, अन् ही म्हणते इमान हाकलं!"

तिनं न चिडता सांगितलं. ती खामगावची, वडील कापसाच्या व्यापारात. विमान शिकवणाऱ्या एका क्लबाचं शिबिर त्या हिवाळ्यात अकोल्याच्या धावपट्टीवर लागलं होतं. खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी एक लांबचं उड्डाण एकट्यानं करावं लागतं, त्याला सोलो म्हणतात. शिक्षक सोबत नसतात, वाट आपणच शोधायची. ती अकोल्याहून औरंगाबादला निघाली होती. बुलढाण्याचे डोंगर मागे पडले आणि इंजिनातून तेल उडायला लागलं. समोरची काच, चष्मा, तोंड, सगळं काळं झालं. तेलाच्या दाबाचा काटा खाली यायला लागला. इंजिन बंद पडायची वाट न बघता तिनं हा माळ हेरला आणि विमान उतरवलं. विहिरीवर तोंड धुतलं. तेलानं भिजलेला पोशाख तुरीच्या आडोशाला काढला आणि औरंगाबादला मावशीकडे मुक्कामासाठी घेतलेली साडी नेसली.

"लोक येताना दिसले. म्हटलं, गावात जायचं तर साडीत बरं."

सांगणं गुळगुळीत होतं, आणि गुळगुळीत सांगण्याचा पोलिसाला संशय येतो. पाटलांनी तर विमानाकडे बोट दाखवून माझा संशय पक्का केला. "साहेब, तिची पिशवी मागच्या शीटमागं हाये. टांगा पाहा, जीप पाहा, डायवर पुढं बसते अन् सवारी मांगं. ही तर सवारी झाली."

मी वळून पाहिलं. आमची जीप समोर उभी होती आणि तिचा ड्रायव्हर पुढेच बसला होता.

पंचनामा केला. मागच्या खुर्चीमागच्या कप्प्यात तेलानं माखलेला पुरुषी पोशाख एक, कातडी टोपी एक, चष्मा एक. पाटील म्हणाले, हाच फरारी साहेबाचा पोशाख. आमचे हवालदार गंभीर माणूस. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, म्हंजी तो नागवाच पळाला का?" मी त्यांना गप्प केलं, पण प्रश्न डोक्यात राहिला. संध्याकाळपर्यंत तूर ओळीओळीनं चाळली. एक ससा आणि दोन रानडुकरं निघाली. मुरमावर पावलं उमटत नाहीत, त्यामुळे माग काढायचीही सोय नव्हती.

अकोल्याला तार केली होती. उत्तर आलं, विमान आमचंच, शिक्षक आणि मिस्त्री उद्या पोचतील. हेराची भानगड तिथंच मिटली. पण गावानं दोन मिनिटांत नवी गोष्ट रचली. आम्ही गावात परतलो, तेव्हा पारावरून कुणीतरी म्हणालं, "हेर नसंल तर यार असंल!" आणि हशा झाला.

तो हशा तिनं ऐकला. तोवर ती एकदाही डगमगली नव्हती. आता मात्र मला बाजूला बोलावून म्हणाली, "साहेब, तुमच्या अहवालात 'सोबत अनोळखी पुरुष' असं लिहाल का?"

"साक्षीदार सांगतात तेच लिहावं लागतं, बाई."

"मग माझं उड्डाण एकटीचं राहत नाही. ते रद्द. पण परवान्याचं एक वेळ जाऊ द्या. उद्या धाडचा बाजार आहे. बाजारातली गोष्ट परवा खामगावच्या मंडीत पोचते. माझ्या वडिलांनी भाऊबंदांची तोंडं बंद करून मला पाठवलंय. तुमचे तीन शब्द तिथं गेले, तर माझं आकाश संपलं आणि त्यांची मान खाली."

मी अहवाल त्या दिवशी पाठवला नाही. उद्यापर्यंत थांबायला नियमाची आडकाठी नव्हती. ती पाटलांच्या घरी बायकांत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाडच्या स्टँडसमोर चहा घेत होतो. बाजाराचा दिवस, येणाऱ्या गाड्या टपापर्यंत भरलेल्या. उलट बुलढाण्याला जाणाऱ्या गाडीत कुणीच नव्हतं. कंडक्टर दारात लोंबकळून ओरडत होता, "चला बुलढाणा, बुलढाणा! गाडी खाली हाये! पुरी खाली हाये!"

मी सहज गाडीच्या चाकांकडे पाहिलं. गाडी कुठं खाली गेली होती? चांगली रस्त्यावर उभी होती. हवालदारांना विचारलं, "गाडी खाली आहे म्हणजे?"

त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "खाली म्हंजी रिकामी, साहेब. तुमच्याकडं काय म्हंतेत?"

"आमच्याकडं रिकामीला रिकामी म्हणतात," मी म्हणालो आणि कप तिथंच ठेवून उठलो.

चाचांनी सांगितलं होतं, पुढची शीट खाली व्हती. मी समजलो, विमानाची पुढची खुर्ची मागच्यापेक्षा खोल असते. जबाबात तसंच, माझ्या शुद्ध मराठीत लिहिलं होतं. चाचा सांगत होते की विमान हवेत असताना पुढची खुर्ची रिकामी होती. दोन खुर्च्यांतली एक रिकामी, म्हणजे माणूस एकच. मागच्या खळग्यात दोघं मावणं शक्य नाही. तिथं मी स्वतः बसून पाहिलं होतं आणि माझ्या एकट्याचेच गुडघे सोलले होते.

तडक माळावर गेलो आणि आधी पुढची खुर्ची तपासली. तिचे पट्टे एकमेकांत घट्ट आवळून खुर्चीलाच बांधून टाकले होते. मुलीला बोलावून विचारलं.

"एकटं उडताना पट्टे सुटून विमान चालवायच्या दांड्यात अडकू नयेत म्हणून बांधतात. आणि या विमानात एकटा माणूस मागेच बसतो, साहेब. तोल राहावा म्हणून."

"मग काल का नाही सांगितलंत?"

"काल तुम्ही 'पायलट कुठं गेला' एवढंच विचारत होतात."

माझी खात्री झाली. पण माझ्या खात्रीनं गावाचं तोंड बंद होणार नव्हतं. म्हणून मी ओळख परेड घ्यायचं ठरवलं. चाचांना कालच्याच जागी, शेळ्यांसकट बांधावर उभं केलं. पाटलांना आणि पंचांना त्यांच्या शेजारी. बाजाराला निघालेलं अर्धं गाव आपोआप जमलं. मुलीला तो तेलकट पोशाख, टोपी, चष्मा चढवायला सांगितलं आणि म्हटलं, काल उतरलात तशाच उतरा. हवालदारांनी तिच्या गालाला इंजिनाचं थोडं काळं लावायचं सुचवलं. तेही तिनं स्वतःच लावलं.

ती मागच्या खळग्यातून पंखावर आली, टुणकन खाली उडी मारली आणि विहिरीकडे निघाली.

चाचांनी काठी उगारली. "हाच! हाच तो साहेब! पकडा बे त्याले, परत तुरीत चालला!"

दोन तरणीबांड पोरं खरंच धावली. ती थांबली, वळली, चष्मा वर केला, टोपी काढली. वेणी पाठीवरून कमरेपर्यंत सुटली. पोरं जागच्या जागी थिजली.

पहिला आवाज आला पाटलीणबाईंचा, आणि तो नवऱ्याला उद्देशून होता. "मी काल सांगून राह्यली व्हती, तिच्या कानामांगं तेल हाये म्हून. ऐकलं का तुमी?"

चाचा जवळ आले, तिच्याकडे वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "बेटी, तू साहेब हायेस, तर काल काऊन न्हाई सांगितलं?"

"सांगत होते चाचा. सगळे हसत होते."

मी तिथंच पुरवणी पंचनामा केला. विमानात व्यक्ती एक. सोबत कोणीही नाही. पंचांच्या सह्या, पाटलांची सही सगळ्यात वर.

दुपारी शिक्षक आणि मिस्त्री जीपनं आले. शिक्षक लष्करातून आलेले, मोजकं बोलणारे. मिस्त्रीनं तेलाच्या नळीचा ढिला झालेला जोड बसवला, तेल भरलं, इंजिन चालवून पाहिलं. सगळं ठीक होतं. शिक्षकांनी पुढच्या खुर्चीचे पट्टे सोडले आणि पंखावर पाय ठेवला. पाटलांना राहवलं नाही. "आता कसं! डायवर आला."

मुलीचा चेहरा उतरला. शिक्षकांनी पाय तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी कालपासूनची हकीकत थोडक्यात सांगितली. ते पंखावरून उतरले, पूर्ण माळ चालून आले, माती वर उधळून वारा पाहिला आणि तिला विचारलं, "हा माळ पुरेल?"

"काल उतरायला पुरला, सर. वारा तोच आहे. बांधाच्या खूप आधी चाकं सुटतील."

त्यांनी पुढचे पट्टे पुन्हा आवळून बांधले, ओढून पाहिले आणि टोपी तिच्या हातात दिली. "मग पंखा मी फिरवतो. आम्ही जीपनं येतो. औरंगाबादला चहा तू सांगून ठेव."

आम्ही गुरं हाकलली, माणसं बांधामागे घेतली. पंखा फिरला, इंजिन धडाडलं. विमान माळावरून धावायला लागलं, आधी डुलत, मग सरळ. शेपूट उचललं गेलं. बांध अजून बराच लांब असताना चाकांखाली उजेड दिसला. ती हवेत होती.

तुरीवरून वळसा घेऊन ती परत आली, खालून, अगदी आमच्या डोक्यावरून. विमान आमच्याकडं कललं, तेव्हा दोन्ही खळगे स्वच्छ दिसत होते. चाचा बांधावर चढले, काठी आभाळाकडे उंचावली आणि सगळ्या माळाला ऐकू जाईल असे ओरडले, "पाहा बे पाहा! पुढची शीट खाली हाये! पोरगी एकटीच हाये!"

गाव तेच ओरडायला लागलं. बायका, पोरं, शेवटी पाटीलसुद्धा. पुढची शीट खाली! पुढची शीट खाली! तिनं हात हलवला, पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलवले, आणि औरंगाबादची दिशा धरली.

बाजारातली गोष्ट तिनं सांगितल्याप्रमाणेच खामगावला पोचली. फक्त गोष्टीतला पुरुष वाटेत गळून गेला होता. पुढे तिला परवाना मिळाल्याचं तिचे वडील स्वतः ठाण्यात पेढे घेऊन सांगायला आले. हवालदारांनी दोन पेढे घेतले, एक स्वतःचा आणि एक, त्यांच्या शब्दांत, 'फरारी साहेबाचा'.

त्या प्रकरणानं मला दोन गोष्टी शिकवल्या. दोन वर्णनं म्हणजे दोन माणसं नव्हेत. लोक जे पाहतात ते बहुधा खरं सांगतात, पण जे शक्य नाही असं त्यांना वाटतं ते त्यांच्या डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. आणि दुसरी गोष्ट, साक्षीदाराचा शब्द त्याच्याच तोंडचा लिहावा, आपल्या मराठीत धुऊन लिहू नये. उरलेल्या नोकरीत मी एकाही जबाबात 'खाली'चं 'खोल' केलं नाही.

तो माळ अजून तसाच आहे. निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो असताना मुद्दाम वाट विचारली. रस्त्यात भेटलेल्या बाईनं हात करून सांगितलं, "थो पाहा, इमानवाल्या साहेबाचा माळ."

"कोण साहेब?" मी विचारलं.

"पोरगी व्हती ना ती," ती म्हणाली. "तुमाले मालूम न्हाई?"