ज्ञानोबा, कोपरा!

विष्णुपुरीच्या थांब्यावर सकाळी दहाच्या एसटीची वाट बघत उभा होतो, तेव्हा खांद्याला पिशवी होती आणि हातात पाच लिटर पाण्याचा कॅन. पिशवीत बायकोनं, सुमननं, दिलेले धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट, थापलेले) होते. ते बांधून देताना तिनं दरवेळचा प्रश्न विचारलाच.

"तुम्ही ओरडला न्हाई तर ते खेळायचे थांबणार हाईत का?"

"न्हाई थांबणार."

"मग तुमच्या ओरडण्यानं फरक काय पडतो?"

नऊ वर्षांच्या संसारात या प्रश्नाला मला उत्तर सापडलेलं नाही. मी धरणाच्या कामावरच्या कचेरीत कारकून आहे. कबड्डी मी धड खेळलोही नाही. शाळेत पहिल्याच चढाईत माझा दम तुटला आणि गुरुजींनी मला जे रेषेबाहेर बसवलं ते कायमचं. तिथं बसल्या बसल्या ओरडायला मात्र शिकलो.

आमचं गाव अहमदपूर तालुक्यातलं. वडील म्हणायचे, मी घर सोडलं नाही, जिल्ह्यानंच मला सोडलं. त्यांच्या लहानपणी जिल्हा बिदर होता, मग उस्मानाबाद झाला आणि आता लातूर नवा जिल्हा झाल्यावर आम्ही लातूरचे. पण मी शाळेत होतो तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता, म्हणून संघही उस्मानाबादचाच माझा झाला. नोकरीला नांदेडात आलो तरी तो सुटला नाही. जिथं त्यांचा सामना असेल तिथं रजा टाकून जायचो.

आता नव्या जिल्ह्यानंही आपला संघ उभा केला होता आणि जुना विरुद्ध नवा असा पहिलाच सामना लातूरला होता. खेळाडू ज्या जिल्ह्यातल्या गावचे, त्या जिल्ह्याकडे गेले. ज्ञानोबा, दहा वर्षं आमच्या चढाया करणारा, लातूरकडे गेला. डाव्या कोपऱ्यावर उभं राहून समोरच्याचा घोटा धरणारा मारुती जुन्याच जिल्ह्यात राहिला. माझ्या आयुष्यात या दोघांसाठी दोन हाका होत्या. ज्ञानोबा चढाईला गेला आणि त्याच्या मागून कोपऱ्यावरचा गडी सरकला, की "ज्ञानोबा, कोपरा!" आणि समोरचा आमच्या अंगणात आला, की "मारुती, घे!" आता ज्ञानोबा चढाई करणार ती मारुतीवर. मी मनाशी पक्कं केलं होतं की आपण जुन्या जिल्ह्याचे. ज्ञानोबाच्या वेळी तोंड बंद ठेवायचं. पक्कं केलं होतं खरं, पण आठवडाभर जेवणात लक्ष नव्हतं.

कॅनचं कारण असं. कबड्डीच्या मातीच्या मैदानावर पाणी शिंपून रोलर फिरवला नाही, तर धुरळा उडतो आणि गुडघे सोलतात. आमच्याकडे बघायला येणारा प्रत्येकजण घरून तांब्याभर पाणी आणून आपल्या संघाच्या अंगणात शिंपतो. यंदा दुष्काळ. लातूरहून निरोप होता, मैदानाला टँकर मिळणार नाही, ज्याला जमेल त्यानं पाणी आणावं. नांदेडला निदान गोदावरी आहे. मी कॅन भरला.

एसटीत शेजारी एक आजी बसल्या. लोह्याच्या पुढं दोन्ही बाजूंना नुसती काळी, भेगाळलेली रानं होती. रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत होती. बायकांनी तोंडाला पदर बांधले होते. एका विहिरीच्या काठावर पंधरा-वीस घागरी रांगेला लावून ठेवल्या होत्या आणि माणूस एकही नव्हतं.

"पाणी हाय का रं बाबा त्यात?" आजींनी कॅनकडं बघून विचारलं. "घोटभर दे. नरडं वाळून गेलं."

मला काय झालं कळत नाही. एकाला दिलं की अख्खी गाडी मागेल, ही भीती असावी. मी म्हणालो, "पाणी न्हाई आजी, दवा हाय. वैद्याची."

"अगं बाई," म्हणून त्यांनी पाय आखडून घेतले, कॅनला लागू नये म्हणून.

अहमदपूरला गाडी थांबली. स्टँडसमोरच्या पाटीवर 'जिल्हा उस्मानाबाद' खरवडून 'जिल्हा लातूर' लिहिलं होतं, पण नव्या रंगाखालून जुनं 'उ' अजून डोकं काढून होतं. हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी देऊन केलेली न्याहारी) होतं. ते खाल्लं आणि पाणी मागितलं, तर मालकानं अर्धाच पेला भरला. "खाणं लागंल तेवढं घ्या, पाणी मात्र एवढंच," तो म्हणाला. मी पेला संपवून गाडीत येऊन बसलो. आजी कॅनला पाय लागू न देता तशाच अंग चोरून बसल्या होत्या.

चाकूर यायच्या आधी इंजिनातून वाफेचा लोट आला आणि गाडी बंद पडली. रेडिएटर कोरडा पडला होता. ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, "कोणाजवळ पाणी हाय का?"

सगळ्यांनी माझ्या कॅनकडं बघितलं. मी तोंड उघडायच्या आत आजीच बोलल्या, "त्याला हात लावू नका. दवा हाय ती. आजारी माणूस हाय बिचारा."

कंडक्टर घागर घेऊन लांबच्या वस्तीकडं निघाला. ड्रायव्हर म्हणाला, "तास गेला समजा. मिळालं तर." सामना तीनला होता. मी घड्याळ बघितलं, खाली उतरलो, चढलो, पुन्हा उतरलो. दहा मिनिटांत चार वेळा असं झालं. शेवटी लाज गिळली.

"पाणीच हाय हे," मी म्हणालो.

आजी थेट माझ्याकडं बघत होत्या. "मंग मला का रं न्हाई म्हणालास?"

"कबड्डीच्या मैदानाला शिंपायला न्यायलो होतो."

"मातीला?" त्यांनी विचारलं. त्यात राग नव्हता, खरोखरच त्यांना कळत नव्हतं. मी कॅनच्या झाकणात ओतून त्यांना पाणी दिलं. त्या तीन झाकणं प्यायल्या. उरलेलं ड्रायव्हरनं इंजिनात ओतलं आणि तळाशी तांब्याभर राहिलं ते माझ्या हातात परत दिलं. पुढचा सगळा रस्ता मी खिडकीबाहेर बघत काढला. आजी चाकूरला उतरल्या. उतरताना म्हणाल्या, "जिंकू दे बाबा तुझी माती."

लातूरच्या मैदानावर पोचलो तेव्हा संघ उभे राहिले होते. कुणीकुणी आणलेल्या पाण्यानं मध्यरेषेजवळचा पट्टा तेवढा ओला झाला होता, बाकी सगळा धुरळा. शिंपायची वेळ टळून गेली होती. मी तांब्याभर पाण्याचा कॅन पायाशी ठेवून जुन्या जिल्ह्याच्या लोकांत बसलो. पन्नासेक माणसं असू. समोर अख्खं लातूर.

"तुम्ही कुठले?" शेजारच्यानं विचारलं.

"अहमदपूरचा."

"मंग तिकडं बसा की. आता तुमचं तिकडं हाय."

"मी इकडचाच," मी म्हणालो. हे बोलताना छाती भरून आली, ते लपवत नाही.

सामना कसा झाला ते सगळं सांगत बसत नाही. मी तीन वेळा "मारुती, घे!" ओरडलो आणि तिन्ही वेळा मारुतीनं घोटा सोडला नाही. ज्ञानोबा चढाईला आला की मी दातांत रुमाल धरत होतो. शेवटच्या चढाईला गुण सारखे होते, आणि चढाईला आला ज्ञानोबा.

त्यानं मधल्या गड्याच्या खांद्याला हात लावला आणि परत फिरायला वळला. त्याचा पाय मारुतीच्या अगदी हातापुढं होता. त्याची पाठ मारुतीकडं. दहा वर्षांत शेकडो वेळा बघितलेलं चित्र. रुमाल कधी गळून पडला ते मला ठाऊक नाही.

"ज्ञानोबा, कोपरा!"

ज्ञानोबानं न बघता पाय उचलला आणि मध्यरेषेपलीकडं झेप घेतली. मारुतीच्या हाताला धुरळा लागला. लातूर एका गुणानं जिंकलं. ज्ञानोबानं उठून, गर्दीकडं न बघता, एक हात वर केला. त्या हाकेनंतर तो नेहमी करायचा तसाच. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. मग शेजारचे लोक माझ्यापासून सरकून बसले, तेव्हा काय झालं ते मला कळलं.

मारुती रेषेबाहेर येऊन बसला होता. कोपर सोललं होतं. मी कॅन घेऊन गेलो आणि उरलेलं पाणी त्याच्या जखमेवर हळूहळू ओतलं. याआधी आम्ही एका शब्दानंही बोललो नव्हतो.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

आवाज ऐकताच त्यानं मान वर केली. "तुम्ही व्हय ते!" तो माझ्याकडं बघत राहिला. "तोंड आज बघायलो. आवाज धा वर्षांचा वळखीचा हाय."

"तुला ऐकू यायचा?"

"ऐकू? तुम्ही 'घे' म्हणल्याबिगर म्या उडीच टाकत न्हाई. आज बी त्याचा पाय म्होरं दिसत होता. म्या थांबलो, तुमची हाक यायची म्हणून. आली ती त्याची."

मी कॅन उपडा धरला तरी त्यातून थेंब पडत नव्हता.

"पुढच्या खेपंला घरूनच ठरवून या," तो म्हणाला आणि कोपर झटकत आपल्या लोकांकडं गेला.

रात्र लातूरला एका ओळखीच्या घरी काढून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघालो. गाडी भरलेली होती. चाकूरला मी उगाचच खाली उतरून आजी दिसतात का ते बघितलं. वाटभर एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. ओरडणं आत पोचतं की वाऱ्यावर जातं, हे जन्मभर मला जाणून घ्यायचं होतं. ते पोचत होतं. रेषेआत एक माणूस त्याच्या भरवशावर उभा होता, आणि हे मला कळलं ते त्याचा भरवसा मोडल्यावर. हाक जिल्ह्याची होती की ज्ञानोबाची, की नुसत्या माझ्या सवयीची, हे अहमदपूरच्या पाटीसमोरून जातानाही ठरवता आलं नाही.

दुपारी घरी पोचलो. सुमननं हातातून रिकामा कॅन घेतला.

"कोण जिंकलं?"

"लातूर. एका गुणानं."

"मग?" ती हसत म्हणाली. "पडला का काही फरक तुमच्या ओरडण्यानं?"

"पडला," मी म्हणालो. "एका गुणाचा."

तिला वाटलं मी गंमत केली. ती हसतच कॅन घेऊन आत गेली आणि मी पायरीवर बसून चपलांवरची लातूरची माती झाडत राहिलो.