पेननं ओढलेली काळी कड

आमच्या फोटोग्राफी क्लबातली माझी दोन माणसं गेली. आधी सर, कन्नड गावचे, चित्रकलेचे रिटायर्ड मास्तर. मग मामू, जुन्या शहरातले स्टुडिओवाले. माझ्या आजोबांच्या वयाचे दोघं, पण दोस्तच.

फिल्मवर काम करणारे हे दोघंच उरले होते. सर काढायचे, मामू आपल्या डार्करूममध्ये छापायचे. छापताना निगेटिव्हची काळी, खडबडीत कड फोटोभोवती मुद्दाम येऊ द्यायचे. कड दिसली म्हणजे काही कापलेलं नाही. सरांचा हा हट्ट. आम्ही मोबाइलवर फोटो कापत बसलो की मामू चिडवायचे, न्हाव्याच्या दुकानात बसा म्हणून.

सरांनी काढलेला एक फोटो मी पत्रकावर छापून वाटला होता. बिडकीनकडं एका जागेला कुंपण पडलं, चराईची वाट बंद झाली, तेव्हाचा. तारेपाशी अडलेली मेंढरं, त्यांची मालकीण, आणि तारेपलीकडं दांडकं उगारलेला वॉचमन.

सर गेल्यावर क्लबानं त्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. हॉल त्या कुंपणवाल्या बिल्डरनंच फुकट दिलेला. तिथं हा फोटो लागला होता. बाई होती, मेंढरं होती, संध्याकाळची धूळ होती. तार नाय, वॉचमन नाय. आणि भोवती काळी कड. जवळ जाऊन बघितलं. कड एकदम सरळ. पट्टी लावून पेननं ओढलेली.

नुसता कापला असता तर भांडून मोकळी झाले असते. पण सरांचा शब्द होता ती कड. ती खोटी केली कुणी, तर मामूंनी.

मी तिथंच जाब विचारला. ते हळू आवाजात म्हणाले, "बेटी, पूरी लगाता तो हॉल नहीं मिलता. तस्वीर दीवार पे तो लगी ना? मौत-मिट्टी में झगडा मत कर."

पुन्हा मी स्टुडिओची पायरी चढले नाही. चहाला ये म्हणून निरोप आले, तरी नाही. रमजानच्या आधी तेही गेले.

शोकसभेत मला दोन शब्द बोल म्हणाले. मी हेच सगळं बोलले. अध्यक्ष उठले, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का म्हणाले.

मी म्हणाले, "सर गेले तेव्हा मामू म्हणाले, दुखवट्यात भांडू नको. आता मामू गेले तर तुम्ही बोलूच नको म्हणता. मग बोलायचं कधी?"

 बिल्डरचा माणूस पहिल्या रांगेत होता, तो मोबाइल बघत बसला.

सभा संपल्यावर मामूंच्या मुलानं त्या फोटोची निगेटिव्ह आणून हातात दिली. अब्बांनी जपून ठेवली होती, म्हणाला. उजेडात धरली. तार, वॉचमन, सगळं जागच्या जागी. छापायला मात्र क्लबात कुणालाच येत नाही. येणारा एकच माणूस होता, आणि त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.