वीज पोचवणाऱ्याची आई

राजुऱ्याहून चंद्रपूरला जाणाऱ्या एसटीत एक बाई माझ्या शेजारी बसली होती. पायाशी ऑक्सिजनचं मशीन होतं, ते ती दवाखान्यात परत करायला निघाली होती. खड्डा आला की ती मशीनला आजाऱ्यासारखं सावरून धरायची.

"कोणासाठी होतं, बाई?"

"मालकासाठी. कोळशाच्या खाणीत होते, छातीत धूळ बसली. भर दुपारी लाइन गेली अन् मशीन बंद पडलं. लाइन आली तवा ते नव्हते."

तिचा मुलगा बंगलोरला इंजिनिअर, ती सांगत होती. कॉम्प्युटरच्या चिपला वीज पोचवायचं त्याचं काम. तेराव्याला तो पाहुण्यांना समजावत होता, की आता चिपला वीज तिच्या पाठच्या बाजूने थेट देतात, त्यामुळे ती वाटेत वाया जात नाही, क्षणभरही कमी पडत नाही.

"मी सगळ्यांसमोर इचारलं त्याले, नखाएवढ्या चिपले पुरते, मंग तुह्या बापाले काऊन नाई पुरली?"

"काय म्हणाला?"

"जेवण सोडून उठला. आता रोज त्याचा फोन येते. मी उचलत नाई."

समोर वीज केंद्राची धुराडी दिसू लागली. हा प्रश्न त्या पोराला विचारायचा नव्हता, हे तिलाही कळत असावं. पण वीज पोचवणाऱ्यांपैकी तिच्या दारी येणारा तो एकटाच होता.