वाडी म्हणजे बाग

मी मॅट्रिक झाले तेव्हा स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. निर्मळला आमची केळीची वाडी. हात वाडीत, पण जीव मुंबईच्या कॉलेजात. मला मास्तरीण व्हायचं होतं. वडिलांच्या मागे मी अशी भुणभुण लावली की ते एक दिवस वैतागून म्हणाले, "तरुणांचं खातं सांभाळणारे मंत्री आगाशीला येतायत. ते हो म्हणाले तर जा. नाहीतर विषय बंद."

निवेदन वाचायला गावाने मलाच उभं करायचं ठरवलं. मॅट्रिक झालेली मुलगी पाहुण्यांना दाखवायला बरी! त्या आठवड्यात माझा पाय एका जागी ठरेना. पाटाला पाणी सोडायचे आणि वळवायला विसरायचे. आई म्हणाली, "केळी कुजवशील."

मंत्री दोन तास उशिरा आले. घाटावरचे, माणूस मायाळू वाटला. देवळापुढच्या मांडवात मी वाचलं, "आम्हां मुलामुलींचं आयुष्य वाडीत अडकलं आहे. वाडी सोडून शिकता यावं म्हणून मुंबईत वसतिगृह द्यावं."

त्यांनी विचारलं, "मुली, तुझ्या वाडीत घरं किती?"

"एकच. आमचं."

मांडवात खसखस पिकली. मंत्र्यांचा चेहरा मात्र उतरला. घाटावर वाडी म्हणजे दहा-वीस घरांची वस्ती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. ते कळवळून बोलू लागले, "एकच घर उरलंय, आणि तेही ओस पाडायचं? नाही! तरुणांनी वाडी सोडायची नाही. मी तुमच्या वाडीला व्यायामशाळेचं सामान पाठवतो." टाळ्या पडल्या. हसणारेसुद्धा टाळ्या वाजवत होते, त्याची चीड मला आजही येते.

वाडी म्हणजे बाग, साहेब. एवढे चार शब्द बोलायचे होते. मी वडिलांकडे पाहिलं. ते पहिल्या रांगेत, डोळे माझ्यावर रोखून. गप्प बस म्हणतायत, असं मला वाटलं. मी कागदाची घडी घातली आणि खाली बसले.

सामान खरंच आलं. लेझिमी आणि लाकडी मुद्गल आमच्या केळींत येऊन पडले. मुद्गलांवर दुधीचा वेल चढला. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, दुसऱ्या वाडीत.

वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात मी त्यांचे पाय चेपत बसले होते. मध्येच म्हणाले, "आगाशीला त्या दिवशी तू बोलशील म्हणून मी वाट बघत होतो."

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. "मग तुम्ही का नाही बोललात?"

"निवेदन तुझं होतं."

मी पाय चेपत राहिले, जरा जास्तच जोरात.