मेश्राम सरांची दोन निवेदनं

शालिकराम मेश्राम कीटकशास्त्रज्ञ होते. दिवसभर नागपूरच्या एका प्रयोगशाळेत धानाच्या किडींवर काम करत आणि संध्याकाळी आमच्या कॉलेजच्या कबड्डी संघाला शिकवत. कोणी चुकलं तर ओरडत नसत. पाय कुठे पडायला हवा होता, ते स्वतः मातीत उतरून दाखवत.

१९७४ साली कुहीजवळ नव्या कीटकनाशकाची चाचणी होती. फवारणीला सरांनी रोजंदारीवर नत्थूला घेतलं. नत्थू त्याच भागातला, आमचा सगळ्यात चांगला चढाईपटू. हातमोजे आणि मास्क मागवले होते, आले नव्हते. त्या दिवशी वाराही होता. पण चाचणीची मुदत संपत आली होती.

"तोंडाले दुपट्टा बांध गा, अन् लवकर आटप," सर म्हणाले.

दुपारी नत्थू बांधावर कोसळला. तोंडाला फेस, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. औषध अंगात भिनलंय, हे सरांना बघताक्षणी कळलं. त्यांनी जीपमधून त्याला दवाखान्यात नेलं. तिथे उताऱ्याची दोनच इंजेक्शनं होती. दिवस मावळायच्या आत नत्थू गेला.

चौकशीत वरिष्ठांनी तयार निवेदन पुढे केलं: मजूर स्वतःहून औषध प्यायला. सरांनी सही केली.

"काहून केली, सर?" मी विचारलं.

"भेवलो गा."

पंधरा दिवस ते मैदानावर आले नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या हाताने दुसरं निवेदन लिहिलं: नत्थू औषध प्यायला नव्हता, संरक्षणाशिवाय मीच त्याला शेतात उतरवलं. ते कार्यालयात दिलं आणि त्याची नक्कल घेऊन ते नत्थूच्या आईकडे, मनकर्णाबाईंकडे निघाले. मला सोबत नेलं.

त्यांनी कागद वाचून दाखवला. ती म्हणाली, "पंधरा दिस गाव म्हणून राहिलं, तुह्या पोरानं जहर घेतलं. घेतलं नाही ना त्यानं?"

"नाही, माय."

"औषध कसं हाय, तुमाले मालूम होतं?"

"हो."

"अन् तरी धाडलं."

ती आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

ठपका एकट्या सरांवर आला. संशोधन काढून घेऊन त्यांना भांडारात बसवलं. वरिष्ठांना बढती मिळाली. आम्ही दोनदा घरी जाऊन विनवलं, पण सर मैदानावर परतले नाहीत. "आता कोणत्या तोंडानं सांगू तुमाले, पुढे जा म्हणून?" एवढंच म्हणाले.

१९८३ मध्ये ते वारले. कार्यालयातून कोणी आलं नाही. संघातले आम्ही पाच जण होतो.