नेसरी ते कोल्हापूर, उपाशीपोटी

आत्तीच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता, पण रक्तातली साखर खाली आल्याशिवाय कोल्हापूरचे डॉक्टर शस्त्रक्रिया करायला तयार नव्हते. एकदा त्यांनी परत पाठवले होते. ही दुसरी खेप. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, तिनेच मला वाढवले. तिचा उजवा डोळा आधीच गेलेला. म्हणून महिनाभर मी तिच्या ताटाजवळ बसून राहिलो. जोंधळ्याची भाकरी, मटकीची उसळ, मेथी, ताक. भात मूठभर. गूळ, साखर, केळी बंद.

"तुरुंगात तरी सणाला गोड देत्यात," असे ती म्हणायची.

माझ्याजवळ डॉक्टरांचे दोन कागद होते. एकावर लिहिले होते, 'गोळी रोज सकाळी सात वाजता, न्याहारीआधी.' दुसऱ्यावर, 'रक्त तपासण्यास उपाशीपोटी येणे.' मी सातवीपर्यंत शिकलो आहे, लिहिलेले नीट वाचतो. दोन्ही पाळायचे ठरवले.

नेसरीहून जायचे असेल तर पहिली एसटी धरावी. गडहिंग्लज, संकेश्वर, निपाणी, कागल असा रस्ता आहे. म्हातारे माणूस बरोबर असेल तर पुढच्या बाकावर बसवावे, मागे फार हादरे बसतात. सातला वाटेतच मी आत्तीला गोळी दिली. निपाणीच्या स्टँडवर गरम भजी मिळतात, बिनसाखरेचा चहा मात्र मिळत नाही. मागच्या खेपेला मागितला तर चहावाला म्हणाला होता, "उकळलाय की, आता साखर येचून काढू व्हय?"

या खेपेला चहाही नव्हता.

"एक घास भाकरी दे की रं," आत्ती म्हणाली.

"रक्त दिल्यावर."

"तवर ऱ्हाईल का अंगात?"

कागलच्या पुढे टायर बसला. जादा चाकही निकामी निघाले. "मागची गाडी येईल तवर सावलीला बसा, पावणं," कंडक्टर म्हणाला. रस्त्याकडेलाच गुऱ्हाळ चालू होते. नऊ वाजून गेले होते. गूळ कढवणारा गुळव्या स्वतः रसाचा तांब्या घेऊन आला.

"घ्या की मावशी."

"नको, तिला साखर आहे," मी म्हणालो.

"मग हितं भ्या न्हाय. आमच्याकडं निस्ता गूळ हाय!"

सगळे हसले. आत्तीही हसली. मी तांब्या लांब सरकवला.

थोड्या वेळाने ती बोलेनाशी झाली. थंडीचे दिवस असून तिची चोळी घामाने भिजली होती. हात थरथरत होते. तिने मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. मी कागद काढले. त्यांत याबद्दल काही नव्हते. रस दिला तर आजची तपासणी गेली, तपासणी गेली तर डोळा लांबला. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागलो.

"पावणं, कागद काय बघताय? म्हातारी बघा!" गुळव्या ओरडला. त्याची आईही साखरेची गोळी घ्यायची, त्याने हे पाहिलेले होते. आत्तीला गिळता येते का हे पाहून त्याने तिला टेकून बसवले आणि घोट घोट रस पाजला. दहा-पंधरा मिनिटांनी तिने विचारले, "गाडी आली का रं?" मग मी फडक्यातली भाकरी सोडली.

दुपारी डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. "उपाशी यायचे त्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर, खाण्याबरोबर. हे मी लिहायला हवे होते, आणि तुम्ही विचारायला. साखर चढते तशी पडतेही, आणि पडली तर माणूस हातचे जाते." त्यांनी सांगितलेले इथे देतो. गूळ आणि साखर रक्ताला सारखीच. भाकरी, उसळ, पालेभाजी चांगली, पण वेळेवर. गोळी घेऊन उपाशी राहायचे नाही. गुळाचा खडा खिशात ठेवायचा, तो फक्त घाम आणि थरथर सुटली तर. रक्त पंधरा दिवसांनी. डोळ्याचे त्यानंतर.

संध्याकाळी घरी पोहोचलो. मी तिच्यापुढे ताट ठेवले, पण मान वर करवेना.

भाकरी मोडत ती म्हणाली, "मला धड दिसत न्हाय, पर तू कागदच बघत हुतास त्येवढं दिसलं रं."

मी ताकाचा तांब्या तिच्या हाताशी सरकवला.

"फुडच्या खेपंला कागद तुज्याजवळ ऱ्हाऊ दे. भाकरी माज्याजवळ दे."